नव्या मशीनवर जुनी स्क्रीन

माझं काम नेमकं काय आहे, हे मी आईला आयुष्यभर समजावून सांगितलं आणि तिला ते कधीच पटलं नाही. "म्हणजे तू नवीन काहीच करत नाहीस?" ती विचारायची. नाही करत. दुसऱ्यांनी कधीकाळी लिहून ठेवलेले प्रोग्राम नव्या मशीनवर चालते ठेवायचे, हे माझं काम. कंपन्या कॉम्प्युटर बदलतात, त्यातली ऑपरेटिंग सिस्टिम बदलतात; पण स्टोअरचा, पगाराचा, माल पाठवण्याचा मूळ प्रोग्राम तोच राहतो, कारण तो नव्याने लिहायला घ्यायची कुणाची छाती होत नाही. सासूबाईंना संत तुकाराम नगरच्या जुन्या घरातून पुनावळ्याच्या फ्लॅटमध्ये आणलं, तेव्हा त्यांचा देव्हारा आणि चहाचा डबा मी पूर्वीच्याच बाजूला, पूर्वीच्याच उंचीवर ठेवला होता. पहिल्या सकाळी त्या काहीही न शोधता चहा करून मोकळ्या झाल्या. माझी नोकरी हीच आहे, फक्त सासूबाईंच्या जागी अख्खी कंपनी असते.

ह्या कामातलं यश कुणाला दिसत नाही. सगळं पूर्वीसारखं चाललं तर लोक म्हणतात, मग ह्यांनी केलं काय? आणि एक आकडा इकडचा तिकडे झाला की सगळे आपल्या नावाने खडे फोडतात. मला ह्याचा राग येतो. मला तसा बऱ्याच गोष्टींचा राग येतो. नवरा म्हणतो, तुला काळजी वाटली की तू आधी चिडतेस, आणि मग दिवसभराने कळतं की काळजी होती. तो म्हणतो ते खरं आहे, पण मी ते त्याच्यासमोर कबूल करत नाही.

ज्या कंपनीतली ही गोष्ट आहे, ती गाड्यांना लागणारी ब्रॅकेटं आणि बिजागऱ्या बनवते. आधी ती पिंपरीत होती, मग चाकणला गेली. तिचा मेनफ्रेम, म्हणजे कपाटाएवढाले डबे एकमेकांना जोडलेला मोठा कॉम्प्युटर, पिंपरीत एका थंडगार खोलीत असायचा आणि त्या खोलीत चपला काढून जायची पद्धत होती. कंपनीबरोबर तोही चाकणला गेला. पुढे त्याच्या जागी दुसरा आला, लहान झाला, पण वरचे प्रोग्राम तेच राहिले, कोबोल नावाच्या भाषेत लिहिलेले. मी कोबोल शिकले तेव्हाच ती म्हातारी भाषा होती. बरोबरच्या मुलींनी नाकं मुरडली होती. आता त्यांतल्याच काही जणी मोठ्या पदांवर बसून मला फोन करतात, "तुझ्या ओळखीत कोबोल येणारं कुणी आहे का गं?" मी सांगते, मी आहे, आणि मी स्वस्त नाही.

ह्या वेळी तो सगळा संसार लिनक्सवर चालणाऱ्या नव्या सर्व्हरवर हलवायचा होता. प्रोग्राम तेच, स्क्रीनही तीच, काळ्यावर हिरवी अक्षरं. फक्त टेबलावरचे जुने टर्मिनल, म्हणजे मेनफ्रेमला जोडलेले स्क्रीन-कीबोर्ड, जाऊन तिथे साधे कॉम्प्युटर येणार होते आणि त्यांच्यात जुन्या टर्मिनलचं सोंग घेणारा एक प्रोग्राम. नियम असा ठरला होता की प्रत्येक खात्याने काही दिवस नव्यावर सराव करायचा आणि तिथल्या मुख्य वापरणाऱ्याने "जमतंय" म्हणून सही द्यायची. सगळ्या सह्या आल्या की जुनं मशीन बंद.

सगळ्या सह्या आल्या. डिस्पॅचची आली नाही.

डिस्पॅच म्हणजे तयार माल गाडीत भरून बाहेर पाठवणारं खातं. तिथल्या खिडकीत एक बाई बसायच्या. शेडमधली पोरं आणि ट्रकवाले त्यांना आक्का म्हणायचे, म्हणून आम्हीही आक्काच म्हणायला लागलो. चाकणजवळच्याच एका गावातल्या जुन्या घरच्या, कंपनी चाकणला आली तेव्हापासून त्याच खिडकीत. दर आठवड्याला मी फोन करून विचारायचे, आक्का, कधी देताय सही? आणि दर आठवड्याला उत्तर एकच यायचं.

"न्हाई जमत मॅडम. हाताला बसना."

हाताला बसना म्हणजे काय, ते सांगा ना. कुठलं बटण चालत नाही? कुठला आकडा चुकतो? तर म्हणे सगळंच. माझ्याबरोबर काम करणारी एक मुलगी आहे, लातूरकडची, हुशार आणि तोंडाने फटकळ, म्हणजे माझ्याच पंथातली. ती म्हणाली, "मॅडम, त्यांना बदलच नकोय, बघा. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही." मलाही तेच वाटत होतं. पण आम्ही आकुर्डीच्या ऑफिसात बसून चाकणची स्क्रीन नीट करत होतो, हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं, एवढी अक्कल मला होती. एके दिवशी सकाळी मी कंपनीच्या बसमध्ये बसले. तळवड्याच्या चौकात बस इतका वेळ अडकली की उतरेपर्यंत माझं डोकं चांगलंच तापलं होतं आणि मनात आक्कांना सुनवायची वाक्यं तयार होती.

ती वाक्यं मला वापरता आली नाहीत, कारण आक्का कामात होत्या आणि त्यांचं काम बघत राहावं असं होतं. ठेंगणा बांधा, नऊवारीवर कंपनीचा निळा कोट, कपाळावर मोठं कुंकू. कीबोर्डवरची अक्षरं घासून पार पुसून गेलेली. त्या शेडची एक पद्धत होती, जी मी दुसऱ्या कुठल्या कारखान्यात पाहिली नाही. ड्रायव्हर खिडकीशी येऊन गाडीचा नंबर मोठ्याने बोलायचा. माल भरून घेणारा मुकादम पार्ट नंबर बोलायचा, एकेक आकडा सुटा करून. आक्का तो परत म्हणायच्या आणि म्हणता म्हणता टाइप करायच्या. काही चुकलं की टर्मिनल "टुक्" करायचं, त्या थांबायच्या, मुकादम पुन्हा बोलायचा. कागद छापून आला की मुकादम तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवायचा, आणि मगच शिक्का. मला वाटलं, काय शिस्त आहे. आमच्या ऑफिसात कुणी एकमेकांचं एक वाक्य पुरं ऐकत नाही.

आक्कांची बोटं चालायची आणि तोंड वळलेलं असायचं ट्रककडे. कुणाला घरची खबर विचार, कुणाला तंबाखूवरून झाप, असं मधूनमधून चालू. मी चेष्टेने म्हटलं, "आक्का, स्क्रीनकडे कधी बघताच की नाही?"

"तिच्याकडं काय बघायचं? रोज तीच हाय."

खिडकीशी उभे असलेले सगळे हसले. मुकादम तेवढा हसला नाही.

मग त्यांना मी नव्या कॉम्प्युटरवर बसवलं आणि त्या वेगळ्याच बाई झाल्या. बोटं अडखळायला लागली. टाइप करायच्या, थांबायच्या, कान दिल्यासारख्या करायच्या, पुन्हा पहिल्यापासून सुरू. शेवटी हात मांडीवर ठेवून म्हणाल्या, "मुकं हाय ह्ये. जुनं बोलायचं." मी मनात म्हटलं, झालं, आता यंत्राशी गप्पा मारायच्यात ह्यांना. त्यांना चार समजुतीच्या गोष्टी सांगून मी परत आले. माझं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी होतं, आणि घडा मीच पालथा धरला होता हे मला पुढे कळलं.

डिस्पॅचचे साहेब म्हणजे दोन फोनवर एकाच वेळी बोलणारा माणूस. वाक्य पुरं करायला त्यांना कधी सवड झाली नसावी. त्यांनी वरून आलेली तारीख बघितली, सहीची वाट बघणं सोडून दिलं आणि सांगितलं, सोमवारपासून गाड्या नव्यावरच निघतील, सही मागाहून. त्याच आठवड्यात मुकादम गावच्या जत्रेला रजेवर गेला; नंबर एक पोरगा बोलायचा, कागद वाचून दाखवायला कुणी नव्हतं. आणि सोमवारी नव्यावर निघालेला पहिलाच ट्रक गिऱ्हाइकाच्या गेटवरून परत आला. गाडीत उजव्या बाजूची ब्रॅकेटं होती आणि कागदावर डाव्या बाजूची. दोन्हींच्या पार्ट नंबरात फरक फक्त शेवटच्या आकड्याचा.

साहेबांनी मला फोन केला. ते चिडलेले नव्हते, त्यांचं ठरलेलं होतं आणि ते जास्त वाईट होतं. "मॅडम, त्या बाईंना आता दुसरं काहीतरी देऊ. गेटवर, नाहीतर कँटीनच्या कुपनांना. खिडकीत स्कॅनरवाला माणूस बसवू. त्यांच्या वयाला आता हे... चला, दुसरा फोन येतोय."

मला खरं म्हणजे बरं वाटायला हवं होतं. दोष आमच्या सिस्टिमचा नाही, असंच ते म्हणत होते. पण माझा एक स्वभाव आहे, बिनचूक चालतंय असं मी म्हणते तेव्हा ते मला स्वतःला पटलेलं असावं लागतं. नव्या सर्व्हरवर सरावाच्या काळापुरती प्रत्येक दाबलेल्या बटणाची नोंद राहत होती. त्या दिवशीची आक्कांची बटणं मी काढली आणि शेजारी जुन्या मशीनवर तीच बटणं त्याच क्रमाने दाबून बघितली.

जुन्या मशीनवर कागद अचूक आला. उजवी ब्रॅकेटं, संख्या बरोबर, गाडी बरोबर.

म्हणजे आक्का चुकल्याच नव्हत्या. मी पुन्हा नव्यावर बघितलं आणि कारण सापडलं. जुन्या स्क्रीनवर पार्ट नंबरचा चौकोन भरला की कर्सर आपण होऊन पुढच्या, संख्येच्या चौकोनात उडी मारायचा. नव्यावर तो उडी मारत नव्हता. जागच्या जागी थांबून पुढचा प्रत्येक आकडा शेवटच्या आकड्यावर चढवत होता. संख्या टाइप केली ती सगळी पार्ट नंबरच्या शेपटीवर जाऊन बसली, संख्येचा चौकोन कोराच राहिला आणि उजव्याचं डावं झालं. चूक झाल्यावर वाजणारा तो "टुक्"ही नव्या सिस्टिममध्ये मुळातच बंद होता. तो कुणी बंद केला नव्हता, आजकाल तो तसाच येतो. मी आधी खूश झाले. मग माझ्या मनात आलं, बाकीच्या खात्यांचं कसं चाललंय?

दोनतीन ठिकाणी विचारलं. स्टोअरमधला माणूस म्हणाला, "अहो, तिथं आता टॅब दाबावं लागतं. एक बटण जास्त, त्यात काय." सगळे मुकाट्याने टॅब दाबत होते आणि सही देऊन मोकळे झाले होते. कर्सर थांबलाय हे त्यांना दिसलं, त्यांनी टॅब दाबला. साधी गोष्ट. दिसल्यावर कुणीही दाबेल.

मी खुर्चीत बसून राहिले. डोळ्यांसमोर स्क्रीन असलेल्या माणसाकडून ती चूक होऊच शकत नव्हती. आकडे समोर एकमेकांवर चढताना दिसले असते. वळलेलं तोंड, मोठ्याने बोललेले नंबर, वाचून दाखवलेला कागद, न हसलेला मुकादम, सगळं एकदम उलगडलं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा चाकणला गेले, ह्या वेळी जेवणाच्या सुट्टीत. आक्का शेडच्या मागच्या कट्ट्यावर डबा सोडून बसल्या होत्या. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत. मला हाकेवरून ओळखून त्यांनी अर्धी भाकरी पुढे केली. भरीत अप्रतिम होतं. आडवळणाने बोलणं मला कधी जमलेलं नाही.

"आक्का, तुम्हाला स्क्रीन दिसत नाही ना?"

त्यांचा हात भाकरीवरच थांबला. त्यांनी विचारलं, "कुनी सांगितलं?"

"कुणी नाही. तुमच्या बटणांवरून कळलं. तुम्ही चुकला नव्हता, आमची स्क्रीन चुकली होती."

"मी चुकले न्हवते?"

"नाही."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. गेले काही दिवस त्या चुकीच्या ओझ्याने झोपल्या नव्हत्या, हे मला त्या पदरावरूनच कळलं. मग त्या बोलायला लागल्या. काचबिंदू. आधी कडा गेल्या, जवळून जाणारं माणूस दिसायचं नाही. औषधाचे थेंब सुरू झाले तोवर उशीर झाला होता. मग मधलंही विझत गेलं. आता उजेड आणि अंधार तेवढा कळतो. गावातली एक बाई ह्याच कंपनीत पॅकिंगला आहे, तिच्या दंडाला धरून बसमध्ये चढायचं आणि उतरायचं. शेडमध्ये मुकादमाला ठाऊक होतं, पोरांनाही. "पर कोन कंदी बोललं न्हाई मला. येक दिवस मुकादम आपला मोठ्यांदा नंबर बोलाय लागला. म्हनला, पोरं चुकत्यात, आजपास्नं बोलून माल द्यायचा. मी बी म्हनलं, बरं."

मी जी शिस्त समजले होते, ती ही होती.

आणि मग, अर्थातच, मी चिडले. कागद चुकला तर? उद्या फोर्कलिफ्टखाली सापडलात तर? घरच्यांना काय तोंड दाखवणार ही माणसं? आक्कांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मी म्हणाले, असं लपवायची काही गरज नाही, कायदा आहे, सरकारी नोकरीत अधू झालेल्या माणसाला काढता येत नाही, ठेवावंच लागतं, कंपनीलाही तसं सांगता येईल.

"कायदा खुर्ची दील बाई. काम दील का?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"सून वाईट न्हाई माजी," त्या म्हणाल्या. "लई करती. पर माज्या हातातला कप काढून घेती. ग्यासपाशी जाऊ देत न्हाई. नातवाला म्हनती, आजीला धर. पावनं आलं की माज्याबद्दल तिला इचारत्यात, मी तितंच बसल्याली असती. घरी मी आंधळी हाय. हितं मी आक्का हाय. मला कुपनं वाटाय बसवलं, तर मी हितं बी आंधळीच व्हनार."

मला एकदम माझ्या सासूबाई आठवल्या नाहीत, आई आठवली नाही, कुणीच नाही. मला मी आठवले. उद्या कुणी माझ्याकडून कोबोल काढून घेतलं आणि पगार तसाच दिला, तर मी काय असेन? मी त्यांचा भाकरीचा हात हातात घेतला. असं मी सहसा करत नाही, आमच्या घरात मिठ्या मारायची पद्धत नाही.

आमचं तिथे ठरलं ते असं. स्क्रीन मी जुनी होती तशी करून देणार. मी आपण होऊन कुणाला काही सांगणार नाही, पण साहेबांनी सरळ विचारलं तर खोटंही बोलणार नाही. "आणि आक्का, हे तुम्हीच सांगायला हवं. मुकादम जन्माला पुरणार नाही," मी म्हणाले.

त्यांनी डबा बंद केला. "आदी येक गाडी काढून दावू द्या साहेबाला. मंग बघू."

परत येऊन मी चूक आमच्या नावावर लिहून टाकली. ते खरंच होतं. जुनं जसं चालायचं तसंच नवं चाललं पाहिजे, एवढंच तर आमचं काम, आणि ते आम्ही केलं नव्हतं. लातूरची मुलगी म्हणाली, "बाकीच्यांना चालतंय की मॅडम." मी म्हटलं, चालवून घेतायत, चालत नाही. तिने कर्सरची उडी नीट केली. चौकोनात नको ते पडलं की कीबोर्ड जुन्यासारखा अडला पाहिजे, तेही केलं. मग "टुक्"ची पाळी आली. नव्या मशीनचा आवाज मोबाइलवर मेसेज आल्यासारखा होता. मी म्हटलं हा चालणार नाही, शेडमध्ये प्रत्येकाच्या खिशात हाच वाजतो. जुन्या टर्मिनलचा टुक् आपण फोनवर भरून आणू आणि तोच घालू.

"इतका सेम कशाला, मॅडम?"

मी फोन चार्जिंगला लावला. ती माझ्याकडे बघत राहिली, मग स्क्रीनकडे. दुसऱ्या दिवशी तिने पिंपरीच्या जुन्या गोडाऊनमधून एक कीबोर्ड शोधून आणला, उंच बटणांचा, दाबला की बोटाला नीट कळणारा. स्वतःच्या ओढणीने पुसून तिने तो चाकणच्या खोक्यात ठेवला. त्या मुलीला मी कामावरून पुष्कळदा बोललेली आहे. त्या दिवशी मी तिला कँटीनमधून चहा आणून दिला, एवढंच मला जमलं.

साहेबांसमोर गाडी काढून दाखवायची, तो दिवस आला. साहेब घड्याळाकडे बघत आक्कांच्या मागे उभे राहिले. मुकादम जत्रेहून परतला होता, त्याचा गळा मात्र बसला होता. होता तेवढ्या आवाजात तो पार्ट नंबर बोलला. आक्कांनी परत म्हटला. बोटं एकदा अडखळली, मग कर्सरने उडी मारली, टुक् वाजला नाही, आणि त्यांच्या खांद्यांतला ताठपणा गेलेला मला पाठीमागूनही कळला. त्यापुढे त्या जुन्या आक्का होत्या. ओळीमागून ओळ पडत गेली. साहेबांनाही हुक्की आली. मध्येच मुकादमाला थांबवून त्यांनी स्वतः एक नंबर सांगितला, मुद्दाम भलताच.

टुक्.

"साहेब, ह्यो माल आपला न्हाई," आक्का म्हणाल्या. "परत बोला."

खिडकीशी हशा पिकला. साहेबही हसले. मुकादमाने कागद वाचून दाखवला, साहेबांनी तो त्याच्या हातून घेऊन गाडीतल्या मालाशी स्वतः ताडून बघितला. सगळं बरोबर होतं. "ठीक आहे," ते म्हणाले, "मग खिडकी ह्यांच्याकडेच... सही करा आणि मॅडमना सोडा." आणि आमचा सहीचा कागद त्यांनी आक्कांच्या पुढ्यात टाकला.

मी कागदाची रेघ त्यांच्या हाताखाली येईल अशी सरकवायला हात पुढे केला. आक्कांनी माझा हात हळूच बाजूला केला.

"साहेब, मला दिसत न्हाई."

साहेब फोनमध्ये बघत होते. "अंधार आहे का? लाइट लावा रे तिथला."

"लाइट लावून न्हाई दिसायचं. माजं डोळं गेल्यात. लई दिस झालं. आत्ता गाडी काडली ती बी न बघताच काडली." त्यांनी पेनासाठी हात पुढे केला. "सही कुठं करायची, ते बोट धरून दावा."

मुकादम खाली बघत होता. लातूरच्या मुलीने माझा दंड घट्ट धरला होता, आणि मला रडू येत होतं, ते मी लपवलं नाही. साहेबांनी आक्कांकडे बघितलं, मग हातातल्या, आत्ताच ताडून बघितलेल्या कागदाकडे. त्यांचा एक फोन वाजायला लागला, मग दुसरा. बाहेर पुढच्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला.

साहेबांनी दोन्ही फोन खिडकीच्या फळीवर पालथे ठेवले. टेबलाला वळसा घालून ते आत आले, आक्कांचं बोट धरलं आणि कागदावर टेकवलं.

"इथून," ते म्हणाले. "सावकाश करा, आक्का. घाई नाही."